‘इलेक्ट्रॉनिक कुटीर’ कोणाचे? : दूरस्थ कामाच्या विचाराची चिकित्सा

सारांश

संगणक व दूरसंचार यांच्या साहाय्याने कार्यालयाबाहेर, मुख्यतः घरी राहून, केल्या जाणाऱ्या कामाला दूरस्थ काम असे म्हटले जाते. श्रमिकांच्या निरनिराळ्या गटांत या कामाची संधी असमान आहे, ही बाब आता सर्वमान्य आहे. या असमानतेचे कारण मात्र बहुधा कामाच्या स्वरूपात शोधले जाते. प्रस्तुत लेखात आल्विन टॉफ्लर यांच्या ‘इलेक्ट्रॉनिक कुटीर’ या कल्पनेपासून २०२० नंतरच्या अर्थशास्त्रीय अभ्यासांपर्यंत झालेल्या मांडणीची चिकित्सा केली आहे. कामाच्या स्वरूपाइतकेच घराचे स्वरूप, घरातील श्रमविभागणी, श्रमिकाला कायद्याने दिलेले नाव आणि निर्णयाचा अधिकार हे घटक निर्णायक ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दूरस्थ काम, गृहाधारित श्रम, लिंगभाव, श्रमविभागणी, श्रमसंहिता

१. प्रास्ताविक

सोलापुरात घरी बसून विडी वळणारी स्त्री आणि पुण्यात घरी बसून संगणकप्रणाली लिहिणारा अभियंता यांच्यात काही बाबतींत साम्य आहे. दोघांचेही कामाचे ठिकाण घर आहे. दोघांनाही काम देणारा घराबाहेर आहे आणि दोघांचेही तयार काम त्याच्याकडून तपासले जाते. तरीही या दोघांचा विचार एकाच शीर्षकाखाली क्वचितच होतो. अभियंत्याचे काम व्यवस्थापनशास्त्राच्या कक्षेत येते, तर विडी वळणाऱ्या स्त्रीचे काम असंघटित क्षेत्राच्या अभ्यासात जाते. एकाला ‘सवलत’ मिळाली असे म्हटले जाते. दुसरीच्या बाबतीत घरी काम करणे हीच तिची स्थिती मानली जाते.

दूरस्थ कामाविषयीच्या विचारातील मूलभूत उणीव या विभागणीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग मराठी बोलण्यात रुळला आणि जणू नवीनच काही अवतरले, असा समज दृढ झाला. वस्तुतः मजुरीसाठी घरी काम करण्याची परंपरा कारखान्याइतकीच, किंबहुना त्याहून जुनी आहे. तंत्रज्ञानाने तिच्यात एका नव्या गटाची भर घातली. हा नवा गट कोणाचा, त्यात कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, याचे उत्तर केवळ तंत्रज्ञानाच्या आधारे देता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संकल्पनेचा उगम

दूरस्थ कामाच्या आधुनिक विचाराचा आरंभ सामान्यतः १९७३ पासून मानला जातो. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक निलिस यांनी त्या वर्षी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द घडवला. १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी दूरसंचार आणि वाहतूक यांच्या विनिमयाची मांडणी केली. कर्मचाऱ्याला कामाकडे नेण्याऐवजी काम कर्मचाऱ्याकडे नेता येईल, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. १९७३ च्या अखेरीस उद्भवलेल्या तेलसंकटामुळे या सूत्राकडे विशेष लक्ष वेधले गेले. निलिस यांच्या आरंभीच्या मांडणीत कर्मचाऱ्याच्या घरापेक्षा वस्तीजवळच्या छोट्या उपकार्यालयांवर भर होता, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांच्यासमोरचा प्रश्न शहराच्या वाहतुकीचा होता. त्यात घराच्या अंतर्भागाचा विचार अनुस्यूत नव्हता.

घर या विचाराच्या केंद्रस्थानी आणले ते आल्विन टॉफ्लर यांनी. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक कुटीर’ ही कल्पना मांडली. शेतीची पहिली लाट आणि कारखान्यांची दुसरी लाट यांनंतर येणाऱ्या तिसऱ्या लाटेत उत्पादनाचे केंद्र पुन्हा घराकडे सरकेल, असे त्यांचे भाकीत होते. त्यामुळे प्रवास व ऊर्जा यांची बचत होईल, वस्त्या स्थिर होतील, शेजारसंबंध दृढ होतील आणि कुटुंबातील माणसे एकत्र काम करू लागतील, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. वैयक्तिक संगणक सर्वसामान्यांच्या घरी पोहोचण्यापूर्वी केलेले हे भाकीत तंत्रज्ञानाच्या अंगाने बऱ्याच अंशी खरे ठरले, हे मान्य करावे लागते.

परंतु ‘कुटीर’ या शब्दाच्या निवडीतच टॉफ्लर यांच्या मांडणीची मर्यादाही आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीचा कुटीरोद्योग हा स्वायत्त कुटुंबाचा सुखद उद्योग नव्हता. व्यापारी कच्चा माल घरोघरी देई, तयार माल नगावर मोजून घेई आणि मजुरीचा दर ठरवी. विणकराच्या घरात स्त्रिया व मुले सूतकताईत जुंपलेली असत आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला वेगळा मोजला जात नसे. टॉफ्लर यांनी या व्यवस्थेतून घर उचलले. घराच्या दाराशी उभा असलेला व्यापारी मात्र त्यांच्या चित्रात मागे पडला.

टॉफ्लर यांच्या स्वतःच्या लेखनव्यवहारातही या प्रश्नाचा एक सूचक धागा सापडतो. हायडी टॉफ्लर या त्यांच्या पत्नी दीर्घकाळ त्यांच्या संशोधनात व विचारात सहभागी होत्या, आणि या सहकार्याची कबुली टॉफ्लर यांनी दिली आहे. ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथावर मात्र लेखक म्हणून एकट्या आल्विन यांचेच नाव आहे. सहलेखिका म्हणून हायडी यांचे नाव मुखपृष्ठावर आले ते १९९३ च्या ‘वॉर अँड अँटी-वॉर’ या ग्रंथावर. एकत्र काम करणाऱ्या कुटुंबात कोणाचे श्रम नोंदले जातात, हा प्रश्न अशा रीतीने कल्पनेच्या जन्मस्थानीच उपस्थित होता.

३. विस्मृतीत गेलेला पूर्वेतिहास

निलिस यांनी शब्द घडवण्याच्या ११ वर्षे आधी ब्रिटनमध्ये दूरस्थ कामाचा एक यशस्वी प्रयोग सुरू झाला होता. १९६२ मध्ये स्टेफनी शर्ली यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही संगणकप्रणाली तयार करणारी कंपनी स्थापन केली. विवाह वा अपत्यजन्म यांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना तिने घरून काम दिले. त्या काळी घरी संगणक असण्याची शक्यता नव्हती. प्रणाली कागदावर लिहिली जाई आणि टेलिफोन हे संपर्काचे प्रमुख साधन होते. काँकॉर्ड विमानाच्या उड्डाणनोंद यंत्रासाठीचे कामही या स्त्रियांनी केले. व्यवसायाच्या पत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘स्टीव्ह’ ही सही केल्यास प्रतिसाद मिळतो, असा अनुभव शर्ली यांनी नोंदवला आहे.

या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, दूरस्थ कामासाठी प्रगत तंत्रज्ञान ही पूर्वअट नव्हती. कागद, पेन्सिल आणि टेलिफोन एवढ्यावर ते उभे राहिले. दुसरी अशी की, या कामाची पहिली मोठी मागणी कार्यालयाने दार बंद केलेल्या गटाकडून आली. शर्ली यांच्या कंपनीतील स्त्रिया उच्चशिक्षित होत्या आणि त्यांच्या कौशल्याचा बाजारात तुटवडा होता. त्यामुळे त्यांना घरून काम करण्याच्या अटी ठरवण्यास वाव मिळाला.

कौशल्याचा असा तुटवडा नसलेल्या गटांत निराळे चित्र होते. उर्सुला ह्यूज यांनी १९८४ मध्ये ब्रिटनमधील नव्या गृहश्रमिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाधारित काम घरी करणाऱ्या स्त्रियांना कार्यालयातील समकक्ष कर्मचाऱ्यांच्या तुलनेत कमी मोबदला व कमी संरक्षण मिळते, हे त्यांनी निदर्शनास आणले. अमेरिकेतील एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने तर १९८३ मध्ये संगणकीय गृहकामावर बंदी घालण्याची मागणी केली होती. अपंग व्यक्तींना त्यातून वगळावे, असे त्यात सुचवले होते. आज ही मागणी कालविसंगत वाटणे स्वाभाविक आहे. तिच्यामागे मात्र वस्त्रोद्योगातील घरकामाच्या शोषणाची स्मृती होती. टॉफ्लर यांना कुटीर दिसले तेथे कामगार संघटनांना जुनी घामाची कोठी दिसली. हे दोन्ही दृष्टिकोन श्रमिकांच्या वेगवेगळ्या गटांकडे पाहून तयार झाले होते, हे लक्षात घेतल्यास त्यांतील विरोधाचा उलगडा होतो.

४. ‘करता येणारे’ काम

२०२० च्या महासाथीने दूरस्थ कामाच्या मोजमापाला नवी निकड प्राप्त करून दिली. या काळातील सर्वाधिक उद्धृत झालेल्या अभ्यासांपैकी एक जोनाथन डिंगेल व ब्रेंट नायमन यांचा आहे. प्रत्येक व्यवसायातील कृतींच्या वर्णनावरून त्यांनी ते काम संपूर्णपणे घरी करता येईल काय, याचे वर्गीकरण केले. अमेरिकेतील सुमारे ३७ टक्के नोकऱ्या या कसोटीला उतरतात आणि एकूण वेतनातील त्यांचा वाटा सुमारे ४६ टक्के आहे, असे त्यांना आढळले. कमी उत्पन्नाच्या देशांत अशा नोकऱ्यांचे प्रमाण आणखी कमी आहे, असेही त्यांनी दाखवले.

हा अभ्यास काटेकोर असून त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि तो शक्यतेचे मापन करतो. प्रत्यक्ष उपलब्ध मुभेकडे वळले की गटांमधील अंतर अधिक तीव्र होते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २०१७–१८ साठी गोळा केलेल्या माहितीनुसार सर्वाधिक वेतन मिळवणाऱ्या चतुर्थांशातील ६१.५ टक्के कर्मचाऱ्यांना घरून काम करणे शक्य होते. सर्वात कमी वेतनाच्या चतुर्थांशात हे प्रमाण ९.२ टक्के होते. वांशिक गटांचा विचार करता आशियाई कर्मचाऱ्यांत ३७ टक्के, श्वेतवर्णीयांत २९.९ टक्के, कृष्णवर्णीयांत १९.७ टक्के आणि हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांत १६.२ टक्के असा उतरता क्रम आढळतो.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सोपे स्पष्टीकरण नेहमी पुढे येते. कमी वेतनाची कामे शारीरिक असतात. सफाई, स्वयंपाक, माल वाहणे किंवा रुग्णसेवा घरून करता येत नाही, म्हणून हे अंतर पडते. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. दूरध्वनीवर ग्राहकांना उत्तरे देणे, माहिती संगणकात भरणे, देयके तपासणे ही कमी वेतनाची कामे तांत्रिकदृष्ट्या घरून होऊ शकतात. तरीही २०२० पूर्वी त्यांतील बहुतेकांना ही मुभा नव्हती. टाळेबंदीत अशी कामे अल्पावधीत घरी हलवली गेली, यावरून अडथळा कामाच्या स्वरूपात नव्हता हे सिद्ध होते. अडथळा विश्वासाचा होता. वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन फलितावरून होते, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याचे उपस्थितीवरून. दूरस्थ कामाच्या वाटपामागे संस्थेतील श्रेणीव्यवस्थेचे हे अलिखित तत्त्व कार्यरत असते. व्यवसायांच्या कृतिवर्णनांत त्याची नोंद नसल्यामुळे शक्यतेच्या मोजमापात ते दृष्टीआड राहते.

५. स्वतंत्र खोलीची अट

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते की घटते, या वादात चीनमधील सीट्रिप या पर्यटन कंपनीतील प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शांघाय येथील कॉल सेंटरमधील इच्छुक कर्मचाऱ्यांची जन्मतारखेच्या सम-विषम अंकावरून विभागणी करण्यात आली. एका गटाने ९ महिने आठवड्यातील ४ दिवस घरून काम केले, तर दुसरा गट कार्यालयात राहिला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. या वाढीचा मोठा भाग विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी झाल्याने, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा कालावधी वाढल्याने आला होता.

या निष्कर्षाच्या वापरात एक तपशील सहसा गळून जातो. प्रयोगात सहभागी होण्यासाठी किमान ६ महिन्यांची सेवा, घरी ब्रॉडबँड जोडणी आणि कामासाठी स्वतंत्र खोली या अटी होत्या. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे ५०० जणांपैकी जवळपास निम्मेच, म्हणजे २४९ कर्मचारी, पात्र ठरले. म्हणजे सिद्ध झाली ती स्वतंत्र खोली असलेल्या इच्छुक व्यक्तीची उत्पादकता. संशोधकांनी या अटी लपवलेल्या नाहीत. त्यांच्या निष्कर्षाचा सरसकट विस्तार करणाऱ्यांनी त्या विसरल्या आहेत. प्रयोगानंतर निवडीची मुभा मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे कर्मचारी कार्यालयात परतले. एकाकीपणा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. चांगल्या कामगिरीच्या तुलनेत घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाल्याचेही या अभ्यासात दिसले.

हीच अट भारतीय संदर्भात ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहण्यासाठी एकच खोली होती आणि ३.९ टक्के कुटुंबांकडे स्वतंत्र अशी खोलीच नव्हती. म्हणजे दर १० पैकी ४ कुटुंबांत, सीट्रिपच्या अटीनुसार, कोणताही सदस्य पात्र ठरला नसता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७–१८ मधील ७५ व्या फेरीत संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण १०.७ टक्के, तर इंटरनेट सुविधा असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २३.८ टक्के आढळले. ग्रामीण भागात संगणकाचे प्रमाण ४.४ टक्के होते. इंटरनेटचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला असला, तरी भिंत आणि दार यांचा प्रसार त्या गतीने होत नाही. घरभाडे, वीज, खुर्ची-टेबल आणि शांतता यांचा खर्च कार्यालयाकडून कर्मचाऱ्याकडे वळतो, तेव्हा ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याला ती सवलत वाटते, आणि एका खोलीत चौघांसह राहणाऱ्याला तो भार होतो.

६. घरातील वेळेचे वाटप

दूरस्थ काम स्त्रियांना मुक्त करते, हा दावा शर्ली यांच्या प्रयोगाइतकाच जुना आहे. त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. ब्लूम, हान व लिआंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांना आठवड्यातील २ दिवस घरून काम करण्याची मुभा दिल्यावर नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबचा प्रवास करणारे यांच्यात ही घट लक्षणीय होती. अपंग व्यक्तींच्या बाबतीतही आशादायक चिन्हे आहेत. अमेरिकेत रोजगारात असलेल्या अपंग व्यक्तींचे प्रमाण २०१९ मध्ये १९.३ टक्के होते. ते २०२३ मध्ये २२.५ टक्क्यांवर गेले. या वाढीचे संपूर्ण श्रेय दूरस्थ कामाला देता येत नसले, तरी प्रवासाचा अडसर दूर होणे हे या गटासाठी मोठे परिवर्तन आहे.

परंतु घर ही लिंगनिरपेक्ष जागा नाही. भारताच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये बिनमोबदला घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान महासाथ येऊन गेली, लक्षावधी पुरुष महिनोन्‌महिने घरी राहून काम करत होते, तरीही स्त्री व पुरुष यांच्या घरकामातील सुमारे २०० मिनिटांचे अंतर जवळपास जसेच्या तसे राहिले. माणूस घरी असणे आणि घरकामात असणे या भिन्न बाबी आहेत, हे यावरून उघड होते.

यातून दूरस्थ कामाचे दोन निरनिराळे आकृतिबंध निर्माण होतात. पुरुषाच्या बाबतीत घर कार्यालयात रूपांतरित होते. त्या वेळात त्याला हाक मारू नये, असा संकेत घरात तयार होतो. स्त्रीच्या बाबतीत कार्यालय घरात विरघळते. ती घरीच आहे, या कारणाने तिचा वेळ सर्वांसाठी उपलब्ध मानला जातो. टॉफ्लर यांच्या कुटीरात कुटुंब एकत्र काम करते. कोणाच्या कामाची शांतता कोणाच्या श्रमातून निर्माण होते, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला नाही.

७. कायद्याने दिलेले नाव

श्रमिकाला कायदा कोणत्या नावाने ओळखतो, यावर घरातील कामाचे मोल ठरते. निलिस यांनी आपला शब्द घडवला त्याच वर्षी, १९७३ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. नगावर मजुरी घेणारे शिंपी दुकानात येत आणि काही वेळा कापड घरी नेऊन शिवत. काम घरी नेले म्हणून मालक व कामगार यांचे नाते तुटत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. नियंत्रणाच्या एकाच कसोटीवर हे नाते ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. दूरस्थ कामाच्या प्रश्नाला शिवणयंत्राच्या संदर्भात दिलेले हे उत्तर संगणकाच्या युगातही लागू पडते.

विडी उद्योगात हीच दृष्टी विधिमंडळाने स्वीकारली होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात घरी विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले गेले. कच्च्या मालाचे वाटप आणि नापास ठरवलेल्या विड्या यांविषयीचे वाद सोडवण्याची तरतूदही त्यात होती. तंबाखू व पाने मोजून द्यायची, वळलेल्या विड्या तपासून घ्यायच्या आणि काही बाजूला काढून त्यांची मजुरी नाकारायची, या पद्धतीतील अन्याय त्यामागे होता. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत या दृष्टीने लक्षणीय आहे. जिचे घर हाच कारखाना आहे, तिच्यासाठी घराची मागणी ही कार्यस्थळाचीही मागणी असते, हे कामगार चळवळीने ओळखले होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये संमत केलेला गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार २००० मध्ये अमलात आला. गृहश्रमिक आणि इतर वेतनधारी यांना समान वागणूक मिळावी, हे त्याचे सूत्र आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालात औद्योगिक गृहकाम, डिजिटल मंचांवरील काम आणि दूरस्थ काम यांचा एकत्र विचार करण्यात आला. महासाथीपूर्वी जगात सुमारे २६ कोटी लोक घरी काम करत होते आणि त्यांत ५६ टक्के स्त्रिया होत्या, असे त्यात नमूद आहे. वर उल्लेखिलेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासांच्या तुलनेत या अहवालाची चौकट अधिक व्यापक आहे, कारण तो घराच्या दाराशी उभ्या असलेल्या काम देणाऱ्यालाही चित्रात घेतो.

भारतातील विद्यमान कायदेरचना मात्र दोन दिशांना जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गृहाधारित श्रमिकाची व्याख्या आहे. मालकाच्या कार्यस्थळाव्यतिरिक्त स्वतःच्या घरी वा स्वतः निवडलेल्या जागी मोबदल्यासाठी वस्तू अथवा सेवा निर्माण करणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. शब्दशः पाहता घरून काम करणारा अभियंताही या वर्णनात बसू शकेल. परंतु असा श्रमिक संहितेत असंघटित कामगार म्हणून गणला जातो आणि त्याच्या वाट्याला प्रामुख्याने कल्याणकारी योजना येतात. दुसरीकडे, २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ कायद्यात आलेली आणि या संहितेतही राखलेली तरतूद मातेला, कामाच्या स्वरूपानुसार व परस्पर संमतीने, रजेनंतर घरून काम करण्याची वाट मोकळी करते. सेवाक्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांच्या ३१ डिसेंबर २०२० च्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत ‘४३ अ’ हा नियम घालून तेथील एककांना निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याची मुभा देण्यात आली. एका बाजूला असंघटिताचे कल्याण, दुसऱ्या बाजूला संघटिताची सवलत, अशी ही विभागणी आहे. घर हे कार्यस्थळ झाल्यावर वीज, साधने, अपघात आणि कामाचे तास यांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला दोन्हीकडे पुरेसे उत्तर नाही.

८. परतीचा अधिकार

कोणतीही सवलत आणि कोणताही अधिकार यांतील भेद ती काढून घेतली जाते तेव्हा कळतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये याहू कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांचे घरून काम बंद केले. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये असे उद्दिष्ट जाहीर केले की, २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात असण्याची गरज राहू नये. याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. दोन्ही निर्णयांमागे व्यवस्थापकीय कारणे असू शकतात. येथे प्रस्तुत आहे तो निर्णयाचा अधिकार. मुभा देणे आणि काढून घेणे या दोन्ही गोष्टी एकाच पक्षाच्या हाती राहिल्या. दरम्यान ज्यांनी गावी परतून घर थाटले, मुलांच्या शाळा बदलल्या किंवा वृद्ध आईवडिलांची जबाबदारी घेतली, त्यांच्या निवडीला कायदेशीर आधार नव्हता.

या संदर्भात १६ जुलै २००२ रोजी ब्रुसेल्स येथे युरोपीय कामगार व मालक संघटनांत झालेला दूरस्थ कामाविषयीचा चौकट-करार मार्गदर्शक ठरतो. दूरस्थ काम दोन्ही पक्षांसाठी ऐच्छिक असावे, नंतर स्वीकारलेले असल्यास ते परत फिरवता यावे, कार्यालयातील कर्मचाऱ्यांना असलेले हक्क दूरस्थ कर्मचाऱ्यांनाही असावेत आणि साधनांची जबाबदारी सामान्यतः मालकाची असावी, ही तत्त्वे त्यात आहेत. कामगार संघटनांशी झालेल्या वाटाघाटींतून हा दस्तऐवज आकाराला आला, म्हणून त्यात तंत्रज्ञानाच्या गौरवापेक्षा संमतीला अधिक स्थान आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, दूरस्थ कामाचे गटनिहाय आकृतिबंध समजून घेण्यासाठी ‘हे काम घरून करता येते काय’ हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. त्याच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. घरून काम करण्याची निवड कोणी केली? त्या घरात कामासाठी जागा आहे काय? त्या जागेतील शांतता कोणाच्या श्रमातून येते? आणि परतीचा वा न परतण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे? शर्ली यांच्या कंपनीतील स्त्रियांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देता आले, म्हणून त्यांचे घरून काम मुक्तीच्या जवळ गेले. विडी कामगार स्त्रीला ती निवड कधीच मिळाली नाही. तिचे काम तंत्रदृष्ट्या साधे आहे म्हणून ती मागे राहिली, असे मानणे म्हणजे वाटाघाटीच्या शक्तीतील अंतराला तंत्रज्ञानाचे नाव देणे होय.

उच्च शिक्षणाचे क्षेत्रही या विश्लेषणाला अपवाद नाही. टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयीन अध्यापन घरी हलले, तेव्हा नियमित प्राध्यापकाचे वेतन अबाधित राहिले. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा मोबदला मात्र घेतलेल्या तासांवर मोजला जातो. पाठाची तयारी, ध्वनिचित्रमुद्रण, विद्यार्थ्यांच्या दूरध्वनींना दिलेली उत्तरे आणि उत्तरपत्रिकांचे वाचन हे सर्व घरी होणारे श्रम त्या हिशेबात येत नाहीत. नगावर मोजल्या जाणाऱ्या गृहकामाचे हे सुशिक्षित रूप आहे. एकाच विभागात, एकाच वेळापत्रकात, एकच विषय शिकवणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एकीला घर ही सोय ठरते आणि दुसरीला न मोजलेल्या श्रमाची जागा ठरते. दोघांच्या कामाच्या स्वरूपात काडीचाही फरक नसतो. फरक नेमणुकीच्या आदेशात असतो. दूरस्थ कामाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन संशोधकाला त्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याच विभागाच्या वेतनपत्रकापासून आरंभ करता येईल.